टोल माफ, दांडा खाली

नाक्यावर बसणारा माणूस कुणालाच आवडत नाही. डॉक्टर पैसे घेतो, पण बरं करतो. वकील घेतो, निदान चार वाक्यं बोलतो तरी. आम्ही काय, रस्त्यात आडवा दांडा टाकून बसणार आणि ‘काढा’ म्हणणार! या अंकाच्या संपादकांनी ‘नाना, नाक्यावरचे अनुभव लिहा’ म्हणून माझा पिच्छा पुरवला, तेव्हा मी त्यांना म्हटलं, ‘लोकांनी मला घातलेल्या शिव्या छापणार असाल तर दोन अंक भरतील. चालेल का?’ ते हसले. मी मात्र खरंच विचारत होतो.

आता जे तापीच्या पुलावरून भुर्रकन निघून जातात, त्यांना आधी सांगायला हवं की आमच्या गावापाशी तेव्हा पूल नव्हताच. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा लोकांच्या तोंडी अजून पूर्व खानदेशच होता. पावसाळ्यात नाव चालायची. पाणी ओसरलं की नदीच्या पात्रातून वाट बांधायची. ती बांधायचा आणि तिच्यावर टोल घ्यायचा मक्ता दर वर्षी लिलावात जायचा. मक्ता घेणारे आमचे शेठ जळगावला राहायचे आणि मी त्यांचा नाकेदार. माझं घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, जळगावच्या बाजूच्या काठावर.

वाट म्हणजे काय होतं? वाळूत चाक रुततं, म्हणून खाली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं आडवी अंथरायची, त्यावर गवत आणि वरून माती. मधल्या धारेवर मात्र सागाचे खांब ठोकून फळ्यांचा पूल. ती धार भर उन्हाळ्यातही बैल बुडेल इतकी खोल. पूल एका गाडीपुरता रुंद आणि कठडा म्हणून दोन्ही अंगांना ताणलेला दोर. शिवाय मध्ये वाळूचा उंचवटा आणि त्यावर झाऊची दाट झुडपं, त्यामुळे या काठावरून पूल दिसत नसे आणि त्या काठावरूनही नसे.

मग समोरासमोर गाड्या येत कशा नसत? त्याला आमची एक रीत होती. मी पावत्या फाडून इकडच्या थोड्या गाड्या सोडायचो आणि त्यांतल्या शेवटच्या गाडीवानाच्या हातात तांबडं निशाण द्यायचो. ते निशाण पलीकडच्या दांड्यावर बसलेल्या दौलत कोळ्याच्या हाती पडलं, की त्याला कळायचं, वाट मोकळी झाली. मग तो यावलकडच्या गाड्या सोडायचा आणि शेवटच्याजवळ तेच निशाण परत धाडायचा. ना शिट्टी, ना टेलिफोन. दिवसभर ते फडकं नदीतून येरझाऱ्या घालायचं. गाडीवानांना त्याचा मोठा मान होता. निशाण मिळालं की एखादा जरा ताठ बसायचा, जणू काही मामलेदार!

त्या वर्षी वरून हुकूम आला. सणाच्या सुटीच्या दिवशी उतारूंच्या वाहनांना टोल माफ. बैलांची छपराची दमणी, टांगा, सर्व्हिस मोटार, सगळं फुकट. मालाच्या गाड्यांना मात्र नेहमीचा टोल. आणि माफीचा पहिला मोठा दिवस कोणता, तर आखाजी.

खानदेशाबाहेरच्यांना अक्षय्य तृतीया म्हटलं की सोनं आठवतं. आम्हाला लेक आठवते. आखाजीला सासरची लेक माहेरी येते म्हणजे येतेच. झाडाला झोका बांधतात, पोरी गाणी म्हणतात, घरात आमरस आणि सांजोऱ्या. बापेमाणसं पत्ते कुटतात, त्या दिवशी त्यांना कुणी बोलत नाही. आणि आमच्याकडे एक समजूत पक्की होती: माहेरी निघालेल्या लेकीची गाडी नदीतून मागे फिरवायची नाही. फिरवली तर तिचं माहेर तुटतं. त्यातून लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर विचारूच नका.

माझ्या इंदूची ती पहिलीच आखाजी होती. तिला यावलजवळच्या गावी दिली होती. माझा धाकटा भाऊ रामा दमणी घेऊन तिला आणायला आदल्या दिवशीच गेला होता. आमच्या मंडळींनी, म्हणजे इंदूच्या आईने, मला बजावून सांगितलं होतं, ‘नाक्यावरून पोरीला तुम्हीच हाताला धरून घरी आणा. आणि वाटेत तिचा खोळंबा होऊ देऊ नका, तुमचाच नाका आहे.’ मी म्हटलं, ‘बरं.’

माफीच्या हुकमावर शेठ जाम तापले होते. ‘एक पै मिळणार नाही त्या दिवशी माणसं कशाला बसवायची?’ म्हणाले. दौलतला सुटी, मजुरांना सुटी. मी एकटा बसायचो, तो मालाच्या गाड्यांपुरता. आणि दोन्हीकडचे दांडे वर करून दोरीने बांधून ठेवायचे. मी विचारलं, ‘शेठ, निशाणाचं काय?’

‘पावती नाही, गाडी थांबणार नाही, मग निशाण देणार कुणाला? गाडीवानांना डोळे नाहीत का? समोरून कोणी आलं तर थांबतील.’

मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दांडा पैशासाठीच असतो, हे मीही इतकी वर्षं मानत आलो होतो. आणि सणाच्या दिवशी लोकांना अडवावं लागणार नाही याचा, खरं सांगतो, मला आनंदच झाला होता.

सकाळ मजेत गेली. लोक हात जोडून ‘राम राम नाना’ करत निघून जात होते. असा मान मला जन्मात मिळाला नव्हता. केळीची एक गाडी यावलकडून आली. घडांच्या राशीवर एक म्हातारी चादर पांघरून बसवलेली.

गाडीवान म्हणाला, ‘मायले बसोलं हाये भाऊ. म्हंजे ही उतारूचीच गाडी झाली ना!’

‘अन् केळी काय, तिच्यासोबत आखाजीला चालली का?’ मी विचारलं.

तो काही बोलायच्या आत म्हातारीच म्हणाली, ‘अरे, घे बापा त्याच्याकून पैसे. मी बी मालच हाये ह्याच्या घरचा, जुना माल.’

माझी हसून मुरकुंडी वळली. मी टोल घेतला नाही. सणाचा दिवस, म्हटलं मरू दे.

उन्हं चढली तसा गाड्यांचा ओघ वाढला. फुकट आहे म्हटल्यावर ज्यांना उद्या जायचं होतं तेही आजच निघाले होते. धुळ्याकडचे लोकसुद्धा आडवाटेने आमच्याकडे वळले होते. गाडीला गाडी चिकटून चालली होती. रोज पावती फाडताना दोन गाड्यांत आपोआप अंतर पडायचं, ते आज पडेना. त्यातच एक सर्व्हिस मोटार टपापर्यंत माणसं भरून धुरळा उडवत पात्रात उतरली. तिच्यामागे पुन्हा गाड्याच गाड्या.

मी झोपडीच्या सावलीत पाणी पीत होतो, आणि एकाएकी माझ्या लक्षात आलं की बराच वेळ पलीकडून एकही गाडी बाहेर आलेली नाही.

यावलकडची वाट आखाजीच्या दिवशी मोकळी असेल, हे शक्यच नव्हतं. त्या गाड्या पात्रात उतरल्या असणार. उतरल्या आणि इकडे निघाल्या नाहीत, म्हणजे मध्ये होत्या. आणि इकडून मी एकसारखा सोडतच होतो!

मी धावत जाऊन दोरी कापली आणि दांडा खाली पाडला.

झालं! सगळे माझ्या अंगावर आले. पुढच्या गाडीतून पागोटेवाले एक आबा उडी मारून उतरले. धुळ्याकडचे, आवाज कसला, नगाराच.

‘फुकट शे ना आज? मंग दांडा कसाले पाडा? माले समजंस बठ्ठं. तुले चायपानी पाहिजे!’

‘आबा, पुलावर गाड्या अडकल्यात.’

‘कोन सांगस? तुले आठून दिसस का? मनी पोर बठेल शे गाडीमा. उन्हामा मरी जाई ती!’

मागून कोणी ओरडलं, ‘बांधा त्याला त्याच्याच दांड्याला!’ दोन-तीन जण पुढे सरसावले. समजूत घालत बसायला वेळ नव्हता. मी आबांचा हात धरला आणि दांड्याची दोरी त्यांच्या मुठीत कोंबली.

‘हे घ्या. आता नाकेदार तुम्ही. मी पुढे जाऊन बघून येतो. तोवर एक जरी गाडी सोडलीत आणि पूल बसला, तर बुडणाऱ्यांची जबाबदारी तुमची.’

आबा दोरीकडे बघत राहिले. मी पळालो. मागून त्यांचा नगारा ऐकू आला, ‘ए! मांगे सर! दांडाले हात लावू नको!’ तेवढं मात्र बरं वाटलं.

वाळू इतकी तापलेली होती की वहाणांतूनही पाय भाजत होते. झाऊच्या झुडपांना वळसा घालून पुढे आलो आणि समोरचं दृश्य बघून पाय जागीच थबकले.

मोटार पुलाच्या बरोबर मधोमध होती. तिच्यामागे इकडच्या गाड्या पार वाळूपर्यंत खेटून उभ्या. समोरून यावलकडच्या गाड्या, त्यांच्याही चाकाला चाक. सगळे एकमेकांना ‘मागे घे, मागे घे’ म्हणून ओरडत होते. बैलगाडीला मागे जाता येत नाही. बैल सोडून, जू हातात धरून माणसांनी ती मागे रेटावी लागते. बैल उन्हाने आणि आरडाओरड्याने बिथरले होते. एकाचा पाय फळ्यांच्या फटीत गेला, तो हिसका देऊन निघाला आणि सगळा पूल करकरला.

खालून हाक आली, ‘नाना! नाना हो!’

दौलत होता. पत्त्यांचा डाव टाकून त्याने नाव पाण्यात घातली होती आणि पुलाच्या खांबांखाली उभा राहून तो वर बघत होता.

‘मोटारीखालचा खांब सरकू राह्यला, नाना! भार कमी करा. लवकर करा!’

इकडच्या बाजूला मोटार, तिच्यामागे बरीच मोठी रांग, ती हलणं शक्य नव्हतं. यावलच्या बाजूला फळ्यांवर मोजक्याच गाड्या होत्या. मागे घ्यायच्या तर त्याच. हे कुणालाही दिसत होतं. मी मोटारीच्या अंगाने, दोराला धरून, तिरका तिरका पुढे सरकलो. मोटारीसमोर यावलकडची पहिली गाडी उभी होती.

ती आमची दमणी होती. जुवाजवळ रामा आणि आत, हिरव्या लुगड्यात, माझी इंदू.

तिने मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम फुलला. बाबा आले, आता सगळं सुटेल, असा तो चेहरा होता. तो आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. रामाला म्हणालो, ‘दमणीवाले, बैल सोडा. गाडी मागे घ्यायची आहे.’

‘दादा, अहो मागे? पहिली आखाजी आहे पोरीची! वहिनीला मी काय तोंड दाखवू?’ रामा दबक्या आवाजात म्हणाला.

‘बैल सोडा म्हणतो ना!’

मागच्या गाड्यांतून गिल्ला झाला. ‘आमी नाही फिरनार! आमच्या गाडीत बी पोर हाये!’ प्रत्येक गाडीत कोणाची तरी लेक होती. एक तरणा गाडीवान चाकावर चढून मला म्हणाला, ‘तुले सांगाले काय जातं रे? तुही पोर असती तं फिरोली असती का?’

‘ही माझीच पोर आहे,’ मी म्हणालो.

माझा आवाज फाटला होता. ओरडायचं थांबलं. खाली दौलत नावेच्या वल्ह्याने खांबाला टेकू देऊन उभा होता आणि त्याची धाप वरपर्यंत ऐकू येत होती. खांब पुन्हा करकरला. मोटारीतली एक बाई देवाचं नाव घ्यायला लागली.

दमणीचा पडदा सरला आणि इंदू खाली उतरली. पदर खोचून ती रामाला म्हणाली, ‘काका, तुम्ही गाडी मागे न्या. मी नाही येणार मागे. मी अशीच पुढे जाते.’

कुणाला काही सुचायच्या आत तिने दोर धरला. मोटार आणि दोर यांच्यामध्ये वीतभर फळी होती आणि खाली धार. ती एक एक पाऊल टाकत माझ्या अंगावरून पुढे गेली. जाताना तिचा पदर माझ्या हाताला लागला. मी तिला धरलं नाही. तिला धरलं असतं तर मी तिच्याबरोबरच निघून गेलो असतो, आणि तिथे मला उभं राहायचं होतं.

मग मागच्या गाडीतली पोर उतरली. मग तिच्या मागची. गाड्या मागे आणि लेकी पुढे! असं आमच्या कुणाच्या आजवर डोक्यात आलं नव्हतं. मी मोटारीतल्या उतारूंना उतरवलं. म्हाताऱ्यांना आणि पोरासोरांना वाळूकडे धाडलं आणि तरण्या पुरुषांना जुवाला लावलं. शेवटची गाडी आधी, मग तिच्या पुढची, अशा एक एक करून गाड्या हातांनी मागे रेटल्या. सगळ्यांत शेवटी आमची दमणी. रामा रडत रडत ती ढकलत होता आणि मला शिव्या देत होता. मी त्या घेतल्या.

पुढची वाट मोकळी झाली तसा मोटारीच्या ड्रायव्हरने रिकामी मोटार मुंगीच्या पावलाने पुढे काढली. दौलत खालून सांगत होता, ‘येऊ द्या… थांबा… येऊ द्या.’ मागची चाकं वाळूला लागली तेव्हा मी फळीवर मटकन खाली बसलो.

दौलतने पत्ते खेळणारे मजूर गोळा केले, खांबाला दोर आवळले, पाचरी ठोकल्या. मग एका वेळी एकच गाडी, असं दिवस मावळेपर्यंत चाललं. इकडच्या दांड्यावर पागोटेवाले आबा ठाण मांडून बसले होते. स्वतःच्या लेकीची गाडीसुद्धा त्यांनी पाळीनेच सोडली. जाताना मला म्हणाले, ‘नाना, दांडा चांगला शे. पन लोके लई बेकार शेतस.’ मी म्हटलं, ‘आबा, रोज बसून बघा.’

नाक्यावर परत आलो तर झोपडीमागच्या लिंबाखाली पोरींचा मेळा जमलेला. गाड्या येईपर्यंत त्या जाणार कुठे? कोणीतरी नाक्यावरचा नाडा शोधून लिंबाला झोका बांधला होता आणि त्या गाणी म्हणत होत्या. एकमेकींना सकाळपर्यंत ओळखतही नव्हत्या. एकेकीची गाडी आली की ती उठून जायची आणि बाकीच्या तिला निरोप द्यायच्या. इंदू झाडाच्या बुंध्याशी पाय पसरून बसली होती. झोक्यावर बसली नव्हती.

मी जवळ गेलो. तिच्या वहाणा दमणीत राहिल्या होत्या. पुलापासून नाक्यापर्यंत ती तापल्या वाळूतून अनवाणी चालत आली होती. दोन्ही तळवे फोडांनी भरले होते.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही मला ओळखलंच नाही जणू. साधी हाक तरी मारायची.’

तिला हाताला धरून घरी आणायचं कबूल केलं होतं, तिला उचलून आणावं लागलं. दारात आमच्या मंडळींनी तिचे पाय बघितले आणि माझ्याकडे एकदा बघितलं. गावभर बातमी आधीच पोचली होती. त्यांनी पोरीच्या पायांना लोणी लावलं. आमच्या घरचा झोका त्या आखाजीला रिकामाच राहिला. पण तिचं माहेर तुटलं नाही, हे मात्र लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी माफी होतीच. मी शेठना सांगितलं, माफीच्या दिवशी दांडा खाली असेल, दौलत पलीकडे असेल आणि निशाण चालेल, नाहीतर दुसरा नाकेदार बघा. शेठ कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं. आणि मग मक्ता संपेपर्यंत दर आखाजीला मी लोकांचं तेच ऐकत राहिलो: फुकट आहे तरी अडवतो, मेला! हाताला सवय लागली आहे ह्याच्या! मी त्यांना काय सांगणार? दांडा पैशासाठी नव्हताच, हे फुकटच्या दिवशीच कळतं, आणि त्या दिवशी ऐकायला कोणी थांबत नाही.

आता तिथे दगडी पूल आहे. नाका गेला, झोपडी गेली, लिंब मात्र आहे. दौलत गेला, रामा गेला, आमच्या मंडळीही गेल्या. इंदूचे केस माझ्याइतकेच पांढरे झाले आहेत. ती दर आखाजीला येते. मोटार ती पलीकडच्या टोकालाच थांबवते, उतरते आणि पूल पायी चालून येते. नातवंडं हसतात, ड्रायव्हर वैतागतो. ती ऐकत नाही.

मी अलीकडच्या टोकाला दगडावर बसून असतो. लांबून ती दिसली, की मी तिला नावाने हाक मारतो. चांगली मोठ्याने, नाक्यावरच्या आवाजात. पुलावरचे लोक वळून बघतात. बघू देत.